भोंगा, बटण आणि आकडा

आमच्या ह्या निबंधाचा विषय आकाराने फार मोठा नाही. तळहातावर मावेल एवढी एक पेटी, तिच्यात झुरळाएवढ्या दोन काळ्या चकत्या आणि तोंडावर एक फिरते बटण. हे बटण फिरविले म्हणजे गाण्याचा आवाज कमी-अधिक होतो. एवढ्याशा गोष्टीसाठी श्रोत्यांनी उन्हाळ्याची एक संध्याकाळ का खर्च करावी, असे कोणी विचारील तर त्याचा प्रश्न वावगा म्हणता यावयाचा नाही. परंतु आम्ही काळाचौकीचे रहिवासी आहोत, आणि काळाचौकीत आवाज ही नुसती पदार्थविज्ञानाची बाब नाही. आवाज किती असावा हे कोणी ठरवावयाचे, ह्या प्रश्नाला आमच्या भागात शंभराहून अधिक वर्षे निरनिराळे लोक उत्तर देत आले आहेत : कधी गिरणीमालक, कधी शाहीर, कधी मंडळाचा कार्यकर्ता, कधी न्यायालय. ज्याच्या कानांवर तो आवाज आदळावयाचा, त्याला मात्र बहुधा कोणी विचारले नाही. त्या लहानशा पेटीचा इतिहास आम्ही सांगणार आहोत तो ह्या बाजूने.

प्रथम ‘भोंगा’ हा शब्दच घ्या. आज हा शब्द उच्चारला की तरुणांच्या डोळ्यांपुढे खांबावर बांधलेला, धोतऱ्याच्या फुलासारखा कर्णा येतो. आमच्या वडिलांच्या पिढीच्या कानांत मात्र ह्याच शब्दाने गिरणीची शिटी वाजावयाची. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर ह्यांनी ताडदेवला काढली आणि ती १८५६ साली चालू झाली. पुढे गिरण्या परळ, लालबाग, शिवडी अशा पसरत गेल्या. काळाचौकी ह्या पसाऱ्याच्या मधोमध पडली. एका अंगाला लालबाग-परळच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला कॉटन ग्रीनच्या कापसाच्या वखारी आणि गोदीकडे जाणारे रेल्वेचे रूळ. पाळी बदलली की भोंगा व्हावयाचा. घरात घड्याळ नसलेल्या माणसाला ती सोयच होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण ह्या भोंग्याला बटण नव्हते. तो एक तर वाजे किंवा न वाजे. रात्रपाळी करून नुकताच डोळा लागलेला कामगार, पाचव्या दिवसाची बाळंतीण आणि तापाने फणफणलेले पोर ह्या सर्वांना तो सारख्याच मापाने मिळे.

गिरणीच्या आतली गोष्ट याहून निराळी नव्हती. विणाई खात्यात शेकडो साचे एकदम चालू असले आणि प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटू लागला, म्हणजे शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येणे अशक्य होई. साचेवाले एकमेकांच्या ओठांकडे पाहून आणि हाताच्या खुणांनी बोलत. घरी आल्यावरही त्यांचा आवाज चढलेलाच राही, आणि नवीन पाहुण्याला वाटे की ह्या खोलीत भांडण लागले आहे. गिरणगावचा माणूस मोठ्याने बोलतो असे गिरगाव-दादरकडचे लोक हसून म्हणत. तो मोठ्याने का बोलतो ह्याचे कारण त्याच्या स्वभावात नसून त्याच्या कानात आहे, हे ध्यानात घेणारे थोडे.

आता यंत्राला सोडून माणसाच्या गळ्याकडे येऊ. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा व्याख्यात्यापुढे मायक्रोफोन नव्हता. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हाही नव्हता. उघड्या मैदानावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, हा सृष्टीचा नियम आहे. त्यामुळे सभा किती मोठी व्हावी हे वक्त्याच्या फुप्फुसावर ठरे, नाटकगृह किती खोल असावे हे नटाच्या गळ्यावर ठरे. सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभे राहिले आणि २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. आरंभीच्या दिवसांत दिवसभर साच्यांच्या कल्लोळात राहिलेले कामगार-नट तेथे संध्याकाळी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवीत, तेही गळ्याच्याच जोरावर. १९४४ साली लाल बावटा कलापथक निघाले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्या त्रयीने गिरणगावातील चौक जिंकले. अमर शेखांच्या आवाजाला लोक पहाडी म्हणत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाहीर आवाज चढवी तसाच उतरवीही. डफ थांबे, तुणतुणे बारीक होई, आणि पुढचे वाक्य तो जवळजवळ कुजबुजून सांगे. तेव्हा सारा चौक आपण होऊन गप्प होई. म्हणजे आवाजाचे बटण गळ्यात होते आणि ते फिरविणारा माणूस ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

ध्वनिक्षेपकाने हा संबंध तोडला. तो मुद्दाम तोडला असे नव्हे. आरंभी त्याने केवढे मोठे काम केले ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिदम ह्या दोघांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात हजारो लोकांपुढे आपले कर्णे वाजवून दाखविले. आपल्याकडे ही विद्या लोकांच्या उपयोगी पडली ती मुंबईच्या नानिक मोटवाने ह्यांच्यामुळे. गांधीजींचा आवाज मुळात क्षीण, आणि समुदाय तर अफाट. तो आवाज सर्वांपर्यंत पोचावा ह्या ध्यासाने मोटवान्यांनी आपल्या शिकागो रेडिओ ह्या पेढीतर्फे १९३१ च्या कराची काँग्रेसला ध्वनिक्षेपक पुरविले, आणि पुढे वर्षानुवर्षे काँग्रेसच्या व्यासपीठावर त्या पेढीचे नाव मायक्रोफोनवर झळकत राहिले. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालविले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले. त्या खटल्यात मोटवानेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. ज्या सरकारला आवाज बंद करावयाचा होता त्याला आवाज मोठा करणारा माणूस धोक्याचा वाटावा, हे साहजिकच म्हणावयाचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभा शिवाजी पार्कच्या टोकापर्यंत ऐकू गेल्या त्याही ह्याच साधनाच्या बळावर. तेव्हा कर्णा हा लोकांचा मित्र म्हणून आला, ही गोष्ट त्याची निंदा करताना विसरू नये.

ह्या कर्ण्याबरोबर, आणि त्याच्याही आधी घरोघरच्या रेडिओबरोबर, ते बटण आले. मुंबईचे आकाशवाणी केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले. पुढे ठाण्यास मर्फीचा कारखाना निघाला आणि चाळीचाळीतून रेडिओ बोलू लागले. रेडिओचे कान पिळणे हा वाक्प्रचार तेव्हाचाच असावा. बटणाच्या पोटात काय होते? घोड्याच्या नालाच्या आकाराची एक काजळी-कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची जीभ. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात त्याला नुसते ‘पॉट’ म्हणतात. जीभ एका टोकाला असेल तर सारा संदेश पुढे जातो, दुसऱ्या टोकाला असेल तर काहीच जात नाही.

येथे कानाची एक खोड आडवी येते. आवाजाची शक्ती दुप्पट केली तरी कानाला तो दुप्पट वाटत नाही, किंचित वाढल्यासारखा वाटतो. कान बेरजेने मोजीत नाही, गुणाकाराने मोजतो. म्हणून दूरध्वनीच्या इंजिनियरांनीही गुणाकाराचे माप बांधले. आरंभी ते एक मैल लांबीच्या ठराविक तारेत आवाज जेवढा मरतो त्याला एक एकक धरीत. १९२४ च्या सुमारास अमेरिकेतील बेल कंपनीच्या लोकांनी त्या जागी स्वच्छ गणिती एकक आणले, आणि थोड्याच वर्षांत ग्रॅहम बेलच्या स्मरणार्थ त्याला डेसिबल हे नाव पडले. शक्ती दुप्पट झाली तर ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली तर १०, शंभरपट झाली तर २०. आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटावयाला १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती, लागते. ह्या हिशेबाचा एक परिणाम मंडळांच्या खजिनदारांनी ध्यानात घेण्यासारखा आहे. गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट कर्णे भाड्याने आणले तर भाडे दुप्पट होते आणि आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल.

कार्बनच्या पट्टीला कानाची ही खोड शिकविणे सोपे नव्हते. पट्टीचे दोन-तीन भाग वेगवेगळ्या जाडीच्या लेपाने माखून गुणाकाराची नक्कल करीत, आणि ती नक्कलच राही. दोन कर्ण्यांसाठी दोन पट्ट्या एकाच दांड्यावर बसविल्या तर कमी आवाजात एक कर्णा पुढे, दुसरा मागे. धूळ बसली की खरखर सुरू. पण आमच्या मते ह्या बटणाचा खरा दोष आणखी वेगळा होता. त्याला स्मरण नव्हते. काल आवाज किती होता, हे त्याला विचारता येत नसे. दांड्यावर एक पांढरी रेघ असे, तीही पुसट. रात्री तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कार्यकर्ता सांगे, “आवाज रोजच्याएवढाच आहे,” आणि त्याचे खरे की खोटे हे ठरविण्याचा मार्ग जगात कोणापाशीच नव्हता.

हे स्मरण आले ते गणनयंत्रांच्या मार्गाने. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हे निर्वात नळ्यांचे गणनयंत्र १९६० साली पुरे केले, तेव्हा त्याला स्वतंत्र दालन लागले होते. १९७१ साली अमेरिकेत इंटेल कंपनीने गणकाचे सारे काळीज एका चकतीवर आणले, आणि १९८० साली तिची ८०५१ नावाची चकती निघाली. तिच्यात गणित करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या तारा एकत्र होत्या. अशा चकतीला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी ह्या ८०५१ वर धडे गिरविले ह्याची गणती नाही. २००५ साली इटलीत आर्दुइनो ही फळी निघाल्यापासून तर शाळकरी मुलेही हे काम करू लागली.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतील दोन-तीन मुलांबरोबर आम्ही असे यंत्र जुळविले. मायक्रोफोन किंवा गाण्याची तबकडी ह्यांचा दुबळा संदेश प्रथम ज्या पेटीत सावरून घेतात तिला प्रीॲम्प्लिफायर म्हणतात. तिच्या आणि मोठ्या वर्धकाच्या मध्ये हे यंत्र बसते. त्याची रचना थोडक्यात सांगतो. पुढचे बटण पूर्वीसारखेच दिसते, पण आत कार्बनची पट्टी नाही. दोन लहान संपर्क आहेत, आणि बटण फिरले की ते एकापाठोपाठ एक उघडतात व मिटतात. कोणता आधी मिटला ह्यावरून मायक्रोकंट्रोलर बटण उजवीकडे फिरले की डावीकडे ते ओळखतो. हे बटण दोन्हीकडे कितीही फिरते, त्याला शेवट नाही; शेवट असतो तो मोजणीत. संपर्क मिटताना क्षणभर थरथरतात आणि एका टिचकीच्या चार टिचक्या मोजल्या जातात. म्हणून काही सहस्रांश सेकंद थांबून पुन्हा पाहावे असे चकतीला शिकवावे लागते. मोजून झालेला आकडा ती दुसऱ्या चकतीला धाडते. आम्ही वापरली तिचे नाव पीजीए २३१०. तिच्या पोटात अचूक रोधकांची एक शिडीच आहे. ० पासून २५५ पर्यंतचा आकडा द्यावा, ती शिडीची तेवढी पायरी निवडते. ० म्हणजे मुका, १९२ म्हणजे आला तेवढाच संदेश पुढे, २५५ म्हणजे साडेएकतीस डेसिबल चढविलेला. प्रत्येक पायरी अर्ध्या डेसिबलची, दोन्ही कर्ण्यांना तंतोतंत सारखी. गाणे चालू असता पायरी भलत्या क्षणी बदलली तर कर्ण्यातून टचटच ऐकू येते; म्हणून ध्वनीची लाट शून्यावरून ओलांडण्याच्या क्षणाची वाट पाहून मगच ही चकती पाऊल टाकते. लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून, डाग देऊन, तारा तपासून हे सर्व उभे करावयाला आम्हांला तीन रविवार लागले.

चौथ्या रविवारी आमची फजिती झाली, तीही सांगितली पाहिजे. शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासाठी मायक्रोकंट्रोलरमध्ये वीज गेली तरी न पुसणारी लहानशी स्मृती असते. कोरी स्मृती म्हणजे शून्य, अशी आमची भोळी समजूत. परंतु ह्या जातीच्या कोऱ्या स्मृतीत शून्य नसते, २५५ असते. आम्ही वीज दिली, यंत्राने ‘कालचा’ आकडा वाचला आणि शक्य तेवढा मोठा आवाज एकदम सोडला. पलीकडच्या खोलीतील आजींच्या हातची कपबशी खाली आली. त्या दिवसापासून आम्ही दोन नियम केले. वाचलेला आकडा मर्यादेच्या आत आहे की नाही हे तपासल्याशिवाय पुढे पाठवावयाचा नाही. आणि वीज आल्यावर मुके राहून हळूहळू चढावयाचे. तिसराही एक नियम पुढे सुचला. ती स्मृती सुमारे लाखभर वेळा लिहिली की झिजते. तेव्हा बटण फिरत असताना नव्हे, ते स्थिरावल्यावर काही सेकंदांनी आकडा नोंदवावा.

पहिल्या नियमातील ‘मर्यादा’ हा शब्द आम्ही सहज लिहून गेलो. परंतु सारे भांडण त्या एका शब्दात साठलेले आहे. बटणाचा आकडा झाला की त्याला छत घालता येते. अमुक वेळेनंतर अमुक आकड्याच्या वर जाऊ नये, अशी दोन ओळींची सूचना यंत्रात लिहिली की बटण कितीही फिरवा, आवाज तेथेच थांबतो. कार्बनच्या पट्टीला हे कधी जमले नसते. प्रश्न राहतो तो एवढाच की छत कोणी घालावयाचे आणि कोठे.

ह्याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम १४ फेब्रुवारी २००० पासून लागू झाले. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालये, शाळा व न्यायालये ह्यांच्या सभोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागी कर्णा लावला तर तिच्या सीमेवर त्या भागाच्या मापापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५, ह्यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जावयाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे तत्त्व उचलून धरले. आमच्या निबंधाला सर्वांत जवळचा निकाल मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा, २३ जानेवारी २०२५ चा. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या अर्जावर न्यायालयाने सांगितले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. त्याचबरोबर, वर्धकातच आवाजाची कमाल मर्यादा आपोआप बांधली जाईल अशी योजना सर्वच धर्मांच्या संस्थांना अंगीकारावयास लावण्याचा शासनाने विचार करावा, असेही न्यायालयाने सुचविले. म्हणजे मुलांनी रविवारी डाग देऊन केलेल्या त्या पेटीसारखीच ही वस्तू. परळचा परिसर तर रुग्णालयांनी भरलेला : १९२६ चे के. ई. एम., वाडियांची रुग्णालये, १९४१ चे टाटा मेमोरियल. ह्या निकालाची गरज आमच्या भागाला कोणी समजावून द्यावी असे नाही.

उलट बाजूही नीट मांडली पाहिजे. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, लालबागचे १९३४ चे. हे उत्सव गिरणी कामगारांनी आपल्या पगारातून उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे एकेक करून गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. ज्या मुलाच्या आजोबांना मुंबई भोंगा वाजवून उठवीत होती, त्या मुलाला वर्षातून दहा दिवस ‘आम्ही अजून येथेच आहोत’ असे शहराला ओरडून सांगावेसे वाटले, तर त्यात नुसता उच्छाद पाहणे आम्हांला जमत नाही. शिवाय कानाची आणखी एक खोड त्याच्या मदतीला येते. फ्लेचर आणि मन्सन ह्या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज उतरला की कानाला खालचे, ढोलाचे स्वर इतर स्वरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. आवाज कमी केला की ढोल मेला, ही मुलांची तक्रार खोटी नाही. तिच्यावर उपाय आहे : आवाज उतरताना खालचे स्वर थोडे सावरून घ्यावे असे यंत्राला शिकविता येते. पण तो कोणी करीत नाही, कारण कर्णे वाढविणे सोपे. (ह्या भिंतीएवढ्या कर्ण्यांना महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी ह्या गृहस्थाने १९६५ साली कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची नको असलेली सळसळ घालविण्यासाठी. त्याच्या नावाचे असे व्हावे!)

आमचे यंत्र तयार झाल्यावर छत कोठे घालावे ह्यासाठी वाडीत बैठक झाली. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले की १९२ वर छत घालू. त्यावर नववीतील एका मुलाने विचारले, “काका, १९२ म्हणजे बाहेर गल्लीत किती?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. कारण आमचे डेसिबल आणि कायद्याचे डेसिबल नावाने एक असले तरी एक नव्हेत. आमच्या चकतीचा डेसिबल सांगतो की आत आलेल्या संदेशाच्या मानाने बाहेर जाणारा किती मोठा. कायद्याचा डेसिबल सांगतो की हवेतला दाब, माणसाला ऐकू येणाऱ्या अगदी बारीक आवाजाच्या मानाने, किती मोठा. मध्ये गाणारा किती जोराने गातो, मोठा वर्धक केवढा, कर्णे किती, गल्ली किती अरुंद, हे सारे पडलेले असते. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबल उतरतो. आमच्या गल्लीत दोन्हीकडच्या भिंती त्याला उतरू देत नाहीत. पेटीतला आकडा कितीही काटेकोर असला तरी गल्लीत जाऊन मोजल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही, हे त्या मुलाने आम्हांला शिकविले. मग आवाजमापक हातात घेऊन एक जण फाटकाशी, एक जण यंत्राशी, असे आम्ही संध्याकाळभर केले, तेव्हा कोठे छताचा आकडा सापडला. तो १९२ च्या पुष्कळ खाली होता.

त्या बैठकीत आणखी एक बाई बोलल्या. त्या परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. त्या म्हणाल्या, “तुमची रात्र दहाला सुरू होते. माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते आणि दुपारी तीनला संपते. माझ्यासाठी ह्या पेटीत काय आहे?” सभेतील म्हाताऱ्या साचेवाल्यांनी माना वर केल्या. रात्रपाळीच्या माणसाची झोप हा प्रश्न भोंग्याच्या काळापासून पडून होता. मायक्रोकंट्रोलरला घड्याळ जोडणे अवघड नाही. पुष्कळ वादानंतर मुलांनी सकाळी नऊ ते तीन असे दुसरे छत मान्य केले. आरतीच्या अर्ध्या तासाची सवलत त्यांनी मागून घेतली, आणि बाईंनी ती दिली.

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज चढलेला आढळला. पेटीवरचा आकडा पाहिला तर जेथल्या तेथे. कोणीतरी पुढच्या मोठ्या वर्धकाचे जुने कार्बनचे बटण हळूच पिळले होते. आम्ही ते बटण काढून घेतले, उघड्या दांड्यावर रंगाचा ठिपका दिला आणि वर कागदाची पट्टी चिकटविली. पट्टीवर मंडळाच्या चिटणिसाची आणि त्या परिचारिका बाईंची सही असते. दर वर्षी प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी फाटकाशी उभे राहून पुन्हा मोजणी होते, आणि मग पट्टी बदलतात.